ताईनं घातलेला काना

वाद्यवृंदातली मंडळी त्याला तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे मौनीबुवा. हे टोपणनाव बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली, कारण घरात या माणसाच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की हरवलेल्या चष्म्यापासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करूनच बंद व्हायचा. बाहेर मात्र तो मौनाचा संगीतकार होता. मौनावर त्याची व्याख्यानं व्हायची, आणि तीही दीड-दीड तास.

त्याचं काम काय, हे एकदा सांगून टाकलेलं बरं, कारण त्याच्या नातेवाइकांनाही ते उभ्या आयुष्यात नीट कळलं नाही. चार माणसं जमली की कुणीतरी हटकून विचारायचंच, "तुमचं एखादं गाणं गुणगुणून दाखवा की." गुणगुणण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं. तो वाद्यवृंदासाठी रचना करायचा. साठ-सत्तर वादक, प्रत्येकापुढे ज्याची त्याची वही, आणि वहीत लिहिलंय तेच वाजवायचं, एक सूर इकडचा तिकडे नाही. पुढे उभा राहून काठी हलवणाऱ्याला कंडक्टर म्हणतात, पण तो शब्द काढला की ऐकणारा तिकिटासाठी खिसा चाचपायला लागतो, म्हणून घरात त्याचं नाव काठीवाला.

आणि या सगळ्या वह्या लिहायची ती ताई. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या सोडून एकटीच राहणारी. आज तो एकसष्ट वर्षांचा आहे, डोक्यावर केस औषधालाही उरलेले नाहीत, तरी ताईला तो अजून बाळच. बाळ पेन्सिलीनं खर्डा करायचा. तो खर्डा म्हणजे कोंबड्यानं पाय उमटवल्यासारखा, दुसऱ्या कुणाच्या बापाला वाचता आला नसता. ताई त्यावरून शाईनं आधी काठीवाल्यासाठी मोठी वही तयार करायची, ज्यात सगळ्या वाद्यांचं सगळं एकाखाली एक असतं, आणि मग त्यातून एकेका वाद्याची सुटी वही. कागदावर आडव्या रेघा, त्यांना तोडणाऱ्या उभ्या रेघा. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला ही दोघं घर म्हणायची. एका घरात चार ठोके. वादक आपली घरं मोजत बसलेला असतो, आणि त्याच्या वहीत एक जरी घर कमीजास्त झालं तरी सत्तर जणांचा खेळखंडोबा होतो. ताईच्या हातून तसं कधी झालं नाही, असं सगळे म्हणायचे.

खर्ड्यातल्या सूचना तो साध्या आपल्या भाषेत लिहायचा. बाकीचे संगीतकार परदेशी शब्द वापरतात, याला ते नाटकी वाटायचं. "सावकाश घ्या", "दबकत या", "थांबा". वादकांना असा अहो-जाहोचा मान. ताईसाठी काही लिहायचं असेल तर अर्थातच तू. "हे पुसून परत लिही", "इथे बघ जरा". दोन्ही सूचना एकाच कागदावर, एकाच पेन्सिलीनं, त्यामुळे कुठली कुणाला हे ओळखायचं ते क्रियापदावरून. हा नियम ताईनंच घालून दिला होता. "काना-मात्रा नीट दे म्हणजे झालं," ती म्हणायची. "मला कळेल मला सांगतोयस की त्यांना."

तेवीस वर्षांपूर्वी त्याची एक रचना वाजली आणि त्याचं नशीब फळफळलं. तिच्या तिसऱ्या भागात सगळा वाद्यवृंद चढत चढत जातो, पितळी वाद्यं, नगारे, सगळं अंगावर येतं, आता छत कोसळणार असं वाटतं, आणि एकदम बंद. अख्खं एक घर रिकामं. चार ठोके कुणी काही वाजवत नाही. मग एकटा क्लॅरिनेट अगदी खालच्या सुरात सुरू होतो. पहिल्या प्रयोगाला त्या चार ठोक्यांत सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात समीक्षकानं लिहिलं की आमच्या काळाला ऐकू आलेलं हे पहिलं खरं मौन. झालं. संगीत विद्यालयात प्राध्यापकी मिळाली, बोलावणी आली, परीक्षक म्हणून मान मिळाला, आणि त्या एका घरावर दोन पोरींनी प्रबंध लिहून पदव्या घेतल्या.

मग जो तो म्हणायचा, आम्हालाही तसंच काहीतरी द्या. त्यानं दिलं. पुढच्या रचनेत दोन घरं रिकामी, त्याच्या पुढच्यात पाच, एकदा तर अख्खं पान. वादक एकमेकांना सांगायचे, सरांचं नवीन आलंय, येताना वाचायला पुस्तक आणा. दोन वर्षांपूर्वी त्याची नवी रचना वाजली तेव्हा त्याच वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: मौन भरपूर होतं, कशाचं ते कळलं नाही. तो तीन दिवस सर्दी झाल्याचं सांगून अंथरुणात पडून राहिला. सर्दीबिर्दी काही नव्हती.

अशा पडत्या काळात प्रकाशकाचं पत्र आलं. ती तेवीस वर्षांपूर्वीची रचना आता रीतसर छापायची, मोठं पुस्तक, प्रस्तावना, टिपा, सगळं साग्रसंगीत. इतकी वर्षं वाद्यवृंद ताईनं लिहिलेल्याच वह्या फिरवून फिरवून वापरत होते. एकदा छापून आलं की माणूस मेल्यावरही त्याचं नाव कपाटात उभं राहतं. त्याला आता याच एका गोष्टीची आस उरली होती.

सोमवारी संपादकबाई आली. चाळिशीच्या आतली, केसांच्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली, बोलायला मऊ आणि नजरेनं चलाख. त्याच्या टेबलावर तिनं खर्ड्याच्या पानांचे फोटो पसरले. खर्डा त्यानं नऊ वर्षांपूर्वी समारंभ करून विद्यालयाच्या ग्रंथालयाला दिला होता. तेव्हा फार मिरवला होता, आता त्याला त्याचा पश्चात्ताप व्हायचा होता.

"सर, एक बारीकशी शंका आहे," ती म्हणाली. "खर्ड्यात वादकांसाठी तुम्ही सगळीकडे 'थांबा' लिहिलंय. नऊ ठिकाणी, मी मोजलंय. त्या रिकाम्या घरात मात्र 'थांब' आहे. काना राहिला का?"

हो, राहिला. एवढे दोन शब्द बोलला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण या माणसाला शहाणपणा दाखवायची संधी आली की राहवत नाही, तिथे त्याचं घोडं पेंड खायचं. त्यानं खुर्चीत मागे टेकून डोळे अर्धे मिटले.

"राहिला नाही," तो म्हणाला. "ते वादकांना नाहीच. ते मी संगीताला सांगितलंय. संगीताला आपण अहो-जाहो करतो का?"

संपादकबाईनं बुचड्यातली पेन्सिल काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. "प्रस्तावना यानंच सुरू करते," ती म्हणाली. मग कागद गोळा करता करता तिनं सहज सांगितलं, "मोठ्या वहीत मात्र ताईंनी काना घातलाय. त्यांनी तो तुम्हाला विचारून घातला की आपल्या मनानं, एवढं त्यांना विचारते. गुरुवारी जातेय त्यांच्याकडे. शुक्रवारी सगळं छपाईला."

ती गेली. बायकोनं आत डोकावून विचारलं, "आज काय, व्याख्यानाची तयारी?" त्यानं उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र ती काळजीत पडली.

कारण खरं असं होतं की त्या घरात मौन कधी नव्हतंच. तिसरा भाग लिहिताना तो अडकला होता. चढण लिहून झाली होती, पुढचा क्लॅरिनेट लिहून झाला होता, पण दोहोंना जोडणारं मधलं एक घर काही केल्या सुचेना. त्यातच त्याला परीक्षा घ्यायला आठ दिवस बाहेरगावी जायचं होतं. म्हणून त्यानं ते घर कोरं ठेवलं, त्यात पेन्सिलीनं "थांब" लिहिलं आणि पानं ताईच्या दारातून आत सरकवून गेला. ताई, इथे थांब, मी आल्यावर देतो, त्याशिवाय पुढे जाऊ नकोस. एवढा सरळ त्याचा अर्थ.

जोड त्याला परतीच्या प्रवासात सुचला. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला, सगळ्या वाद्यांसकट त्यानं ते घर लिहून काढलं आणि स्टेशनवरून बॅग घेऊन थेट तालमीच्या दालनात गेला. त्याला वाटलं, पहिल्या दिवशी फार तर पहिला भाग होईल, ताई तिथे असेलच, तिच्या हातात कागद देऊ. दार ढकललं तर आत तिसरा भाग चालू. चढण टोकाला गेली आणि सगळं गप्प झालं. त्याला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालं. मग क्लॅरिनेट सुरू झाला आणि त्याच्या ध्यानात आलं: ताई थांबलीच नव्हती. तिनं त्याच्या शब्दाला काना जोडला होता आणि सत्तर माणसं थांबवली होती.

काठीवाल्यानं काठी खाली घेतली. त्यानं दारातल्या संगीतकाराकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे घर रिकामं सोडायला छाती लागते." वादकांनी पायांनी जमिनीवर ठेका देऊन दाद दिली. खिशात गुणपत्रिका, गुणपत्रिकेवर त्याचा हात. आणि त्यानं मान डोलावली. एक शब्द बोलला नाही, नुसती मान. मग स्वच्छतागृहात जाऊन त्यानं त्या कागदाचे चार तुकडे करून संडासात सोडून दिले. पहिल्यांदा पाणी ओढल्यावर ते गेले नाहीत, दुसऱ्यांदा ओढावं लागलं. तेवीस वर्षांत त्याला पुष्कळ गोष्टींचा विसर पडला, या दुसऱ्या वेळेचा नाही.

ताई तेव्हा मागच्या रांगेत बसली होती, मांडीवर डबा, डब्यात ब्लेड, खोडरबर आणि डिंक, कुणाच्या वहीत काही दुरुस्ती निघालीच तर. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "बाळ, ते घर..." त्याला वाटलं, आता ही म्हणणार की ते माझं आहे. तो घाईघाईनं म्हणाला, "झालं ते झालं, ताई. त्याचा विषय काढायचा नाही. कधीच." ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. ती हो म्हणाली. तिला सगळं कळलंय आणि तिनं ते आपल्याला देऊन टाकलंय, असा त्यानं अर्थ काढला. मोठी बहीण आहे, लहानपणी पेन्सिली द्यायची, तसंच हे. विषय परत निघाला नाही.

बुधवारी सकाळी तो ताईकडे गेला. जाताना मनात पक्कं घोकलं होतं: उद्या ती विचारेल तेव्हा सांग, बाळला विचारूनच घातला काना. एवढंच. खोटं म्हणावं असं त्यात फारसं नाही, आणि ताईनं आजवर आपल्याला नाही म्हटलेलं नाही.

ताईचं काम बंद होऊन सात वर्षं झाली होती. आता सगळं संगणकावर होतं, आणि तिचा उजवा हातही थरथरायला लागला होता. पण ते काचेच्या पाटाचं टेबल तिनं काढलं नव्हतं, त्याखालचा दिवाही तसाच. काचेवर आता औषधांच्या पट्ट्या आणि भिंग. तिनं चहा केला, दोन्ही हातांनी कप धरून आणला. त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग एकदाचं म्हणाला, "उद्या ती संपादकबाई येणार आहे ना."

"हो, फोन आला होता. आवाज गोड आहे पोरीचा."

"ती त्या घराबद्दल विचारेल. तिसऱ्या भागातल्या. कान्याबद्दल."

ताईनं कप खाली ठेवला. "तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "मी ठरवलंय. मी तिला खरं काय ते सांगून टाकणार आहे."

त्यानं विचारलं, "काय खरं?"

"की चूक माझी होती. तू मला लिहिलं होतंस थांब म्हणून. मला ताप होता, अंगात कणकण, दुसऱ्या दिवशी वह्या पोचवायच्या होत्या. मी आपली घाईघाईत काना घालून मोकळी झाले. नियम मीच केला आणि मीच विसरले. तालमीला ते घर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आता हा सत्तर माणसांसमोर माझी बिनपाण्यानं करणार. तू तशी कितीतरी जणांची केली आहेस. पण तू नुसती मान डोलावलीस. वाटेत मी पदर पसरून माफी मागणार होते, तर म्हणालास, झालं ते झालं, विषय काढायचा नाही." तिनं चष्मा काढला. "तेवीस वर्षं तू माझी चूक पोटात घातलीस, बाळ. कुणाला कळू दिली नाहीस. आता छापायचंच आहे तर खरं छापू दे. तुझ्या वहीतलं एक घर माझ्यामुळे गेलं, ते लोकांना कळायला हवं."

काय झालंय ते हळूहळू त्याच्या डोक्यात शिरत होतं. ती काही देऊन टाकत नव्हती, तिनं काही दिलंच नव्हतं. ती इतकी वर्षं त्याच्या उपकाराखाली होती. आणि आता, खरं सांगायचं तर, त्याला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहिलं तरी पुरे होतं. उद्या ताई आपल्या तोंडानं सगळं सांगेल, संपादकबाईचे डोळे पाणावतील, आणि पुस्तकात छापून येईल की या थोर संगीतकारानं बहिणीची चूक आपली म्हणून मिरवली आणि तिला कधी उणा शब्द बोलला नाही. घबाडच. त्यानं चहाचा कप उचलून एक घोट घेतलासुद्धा.

"म्हणून तर मी ती जागा घेतली नाही," ताई म्हणाली.

"कुठली जागा?"

"कुठली म्हणजे? काठीवाला स्वतः घरी पत्र घेऊन आला होता की. त्यांच्या वह्याखात्याची प्रमुख म्हणून. हाताखाली सात लिहिणारे."

ही जागा त्याला चांगलीच आठवत होती. ताईनं नको म्हटलं तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं, नाहीतर त्याच्या वह्या कोण लिहिणार. पुढे मुलाखतींतून तो आवाज ओला करून सांगायचा की बहिणीनं माझ्यासाठी चालून आलेली नोकरी सोडली.

"तू म्हणाली होतीस, तुला नोकरीचा जाच नको."

"मग काय सांगणार होते? ज्या बाईनं सख्ख्या भावाच्या वहीत अख्खं घर रिकामं सोडलं आणि तिला पत्ताही लागला नाही, तिनं सात जणांच्या चुका काढायच्या? कुठल्या तोंडानं? माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला रे. आधी मी पान एकदा तपासायचे. त्यानंतर तीनदा. मोठ्यानं घरं मोजायचे, शेजारीण विचारायची काय पाढे म्हणता का. डोळे त्यानंच अधू झाले, डॉक्टर म्हणाले. पण परत तुझ्या वहीत एक टिंब इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. तेवढं तरी फेडायला हवं होतं."

त्यानं कप ठेवला. तो काचेवर ठेवताना वाजला. आपण आता बोललो नाही तर परत कधीच बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि न बोलायला तो फार, फार उत्सुक होता. तो बोलला कसा, हे त्यालाही नंतर नीट सांगता आलं नसतं. बहुधा त्या मोजण्यामुळे. ही बाई खोलीत एकटी बसून मोठ्यानं घरं मोजतेय, हे त्याला डोळ्यांसमोर दिसलं आणि सोसवेना.

"ताई, मी काही पोटात घातलं नाही."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. गुणपत्रिका, दार, काठीवाल्याचं वाक्य, मान. "माझ्या खिशात लिहिलेलं होतं. पण तुझं रिकामं घर त्याहून चांगलं होतं. माझं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. ते तिथल्या तिथे मला कळलं. मी तुला सांभाळलं नाही, ताई. मी ते घेतलं. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू सोडून दिलंस."

ताईनं चष्मा परत लावला. तिनं रडावं, चिडावं, असं त्याला वाटत होतं. ती एखाद्या वहीतली शंका विचारावी तशी विचारायला लागली.

"कागद पूर्ण होता? सगळ्या वाद्यांचा?"

"पूर्ण."

"मग माझ्या हातात का नाही दिलास? डिंक होता माझ्याकडे. दुपारपर्यंत सगळ्या वह्यांत डकवून दिला असता."

"म्हणूनच नाही दिला."

"काय केलंस त्याचं?"

"फाडला. तिथेच, स्वच्छतागृहात."

तिनं मान हलवली, समजलं अशी. मग म्हणाली, "म्हणजे काठीवाल्याला आवडलं. वर्तमानपत्रवाल्यांना आवडलं. तुला आवडलं. ती चूक चांगली झाली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला सोडून."

"ताई..."

"मला बोलू दे. मी लोकांना सांगायचे, माझा भाऊ फार मोठा आहे. त्यांना वाटायचं, संगीतामुळे म्हणतेय. मला कुठे तुझं संगीत कळतं? मी नक्कल करणारी. मी त्या एका दिवसासाठी म्हणायचे. वाईट वाटलं, कुणी टाकून बोललं, एकटं वाटलं, की मी तो दिवस काढून बघायचे. त्यावर दिवस काढलेत मी, बाळ."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. नाक पुसायला रुमाल सापडेना. ताई उठली नाही. एरवी ती पदर पुढे करत उठली असती, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं अजूनच हुंदका आला.

"मी आत्ता फोन करतो," तो म्हणाला. "सगळं बदलायला सांगतो. तुझं नाव घालतो. पहिल्या पानावर."

त्याला वाटलं, ती म्हणेल, राहू दे रे, आता काय करायचंय. जन्मभर ती राहू दे म्हणत आली होती.

"लाव," ताई म्हणाली.

त्यानं फोन लावला. संपादकबाईला त्यानं सांगितलं की ते संगीताला सांगितलेलं वगैरे काही नव्हतं, ते सगळं खोडून टाका. तो शब्द ताईसाठी होता. घर रिकामं राहिलं ते ताईमुळे. पलीकडे कागद हलल्याचे आवाज आले.

"सर, हे मला टिपेत नीट द्यावं लागेल," ती म्हणाली. आवाज मऊच होता, पण सोमवारचा नव्हता. "ताईंनी ते मुद्दाम केलं की चुकून?"

त्यानं फोनवर हात ठेवला आणि ताईला विचारलं, "मुद्दाम की चुकून, विचारतेय. काय सांगू?" मनातून त्याला वाटत होतं, मुद्दाम म्हण. मुद्दाम म्हटलीस तर तुझंही नाव होईल, आणि माझाही थोडा भार हलका होईल.

ताई काचेवरच्या औषधांच्या पट्ट्या एकावर एक रचत होती. थरथरत्या हातानं त्या सरकत होत्या, तरी ती रचत होती.

"माझं चुकून झालं, म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि तुझं मुद्दाम."

त्यानं हात काढला. "ताईचं चुकून झालं," तो म्हणाला. "आणि माझं मुद्दाम."

"तुमचं काय, सर?"

त्यानं स्टेशनपासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाल्यावर संपादकबाई म्हणाली, "जरा सावकाश सांगा, मी लिहून घेतेय." तो सावकाश सांगू लागला. ताई समोर बसून ऐकत होती, तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. काठीवाल्याच्या वाक्यानंतर तो थेट पहिल्या प्रयोगावर आला, तेव्हा तिनं बोट वर केलं.

"कागद राहिला," ती म्हणाली. "फाडलास ते सांग."

त्यानं तेही सांगितलं.